माशी न बसणारं रान

कवठदरीच्या शिवेवर, मेडशीच्या रस्त्याला लागून, तीस गुंठ्यांचा एक तुकडा होता आणि त्या तुकड्यावर माशी बसत नव्हती. माशीच कशाला, मुंगी चालत नव्हती, तरोटा उगवत नव्हता, टिटवी अंडं घालत नव्हती. आषाढात सगळं शिवार बेडकांच्या भांडणाने दणाणायचं, तेव्हा एवढा तुकडा मात्र कोणी तोंडावर बोट ठेवल्यासारखा गप्प असायचा. गावाला याचा फार अभिमान होता.

हायब्रीड ज्वारी नवी नवी आली, त्या साली किडीची पावडर किती खपवायची याचा आकडा वरूनच ठरून आला. कवठदरीने दोन पोती मागितली होती, आली दीडशे. मागणाऱ्याच्या गरजेपेक्षा पाठवणाऱ्याची गरज मोठी होती. सोसायटीच्या गोदामात पोत्यांची थप्पी लागली, आणि पुढच्या पावसाळ्यात गोदामाची मागची भिंत बसली. पोती भिजली, उसवली, ओघळली. सगळी भुकटी उताराने त्या तीस गुंठ्यांत शिरली आणि पाहुणा आलेला घरजावई व्हावा तशी तिथेच राहिली. चौकशीला साहेब आले. नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि 'नैसर्गिक आपत्ती' असं लिहून गेले.

मग सरकारने भूमिहीनांना जमिनी द्यायचं ठरवलं. कवठदरीने फार विचार केला, दोन ग्रामसभा घेतल्या, आणि हा तुकडा भागिरथाला दिला.

भागिरथा बौद्धवाड्यातली. वय पंचेचाळीस. नवरा ग्यानबा सडकेच्या गँगवर कामाला. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. भागिरथा गावची सुईण होती. अर्धी कवठदरी पहिल्यांदा रडली ती तिच्याच हातांत. दुसऱ्यांच्या शेतात निंदण, दुसऱ्यांच्या घरात बाळंतपण, असं करता करता तिच्या वाट्याला आयुष्यात पहिल्यांदा काही आपलं आलं होतं. पट्ट्याचा कागद तिने पाळण्यातल्या लेकरासारखा दोन्ही हातांवर घेतला. कागदात एक अट होती: चार वर्षांत जमीन पिकाखाली आणायची. नाही आणली, तर जमीन परत.

पट्टे वाटपाच्या त्याच दिवशी त्या रानाचा मोठेपणा उघड झाला. रानातच घातलेल्या मंडपात पाहुण्यांसाठी जिलबीची परात ठेवली होती. भाषणं लांबली. एक तास जिलबी उघडी राहिली, आणि तिच्यावर एकही माशी आली नाही. सरपंच माणिकराव आभार मानता मानता थांबले. परातीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मंडळी, ही साधी जागा नाही."

वऱ्हाडात चैत्र-वैशाखातली लग्नाची पंगत म्हणजे माशांशी कुस्ती. वरणात माशी, बुंदीत माशी, आग्रह करणाऱ्याने तोंड उघडलं की तिथे माशी. अशा मुलखात कवठदरीची कीर्ती पसरायला किती वेळ? पुढच्या दोन महिन्यांत गावातल्या सगळ्या पंगती त्या रानात उठल्या. मग मेडशीचे पाहुणे आले, इंझोरीचे आले. मालेगावच्या एका व्यापाऱ्याने तर घरासमोर मोठं अंगण असून मुलीचं लग्न इथे लावलं. त्याच मातीवर गोवऱ्या रचायच्या, त्याच विस्तवात रोडगे भाजायचे, राख झटकायची आणि तुपात बुडवून वाढायचे. ज्यांच्या घरच्या माठाला भागिरथाची सावली चालत नव्हती, ते तिच्या शेतात मांडी घालून दोन-दोनदा रोडगा मागून घेत. तिला मात्र बांधावर बसायला सांगत. मालकीणबाई म्हणून.

जेवून उठलं की माणसांना गरगरायचं. ओठ बधिर व्हायचे, जीभ जड व्हायची, कोणी कडेला जाऊन ओकायचं. दोघा-तिघांना तर धरून बैलगाडीत घालावं लागायचं. या सगळ्याचं श्रेय आचारी उकंडराव विनयाने स्वतःकडे घ्यायचा.

"पोट भरलं म्हनजे असंच होते बापा," तो झारा पुसत म्हणायचा. "याले तृप्ती म्हनतात. शहरातल्या लोकाइले हे मालूमच नाही."

भागिरथाने पहिल्या पावसावर ज्वारी टाकून पाहिली होती. बोटभर वर आली, पिवळी पडली. उपटून पाहिली तर मुळं पसरायच्या ऐवजी गोळा होऊन बसलेली, थंडीने कुडकुडणाऱ्या लेकराच्या मुठीसारखी. ती रोपं पदरात घेऊन ती सरपंचांकडे गेली.

"भागिरथे, तुह्या रानाचं पार वाशीमपर्यंत नाव झालं पाह्य," माणिकराव म्हणाले.

"रानाचं नाव झालं पाटील, पन रानात काई नाही झालं. हे पाहा."

"कायले पेरतं मंग? जिथं एवढे पाहुने जेवतात तिथं नांगर घालाचा नसते. चार वर्सं होऊ दे. रान सरकारजमा झालं का आपून तिथं पंगतीचा पक्का ओटा बांधू. तुहं नाव देऊ त्याले."

"ओट्याले?"

"मंग! दगडावर कोरून."

"मले दगडावर नको पाटील. सातबाऱ्यावर पाह्यजे."

माणिकराव हसले. एवढी साधी बाई, आणि तिला मोठेपणा कळत नाही, याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं.

रानाला लागून सैफुद्दीन पिंजाऱ्याचं घर होतं. गाद्या पिंजायला तो बैलगाडी घेऊन गावोगाव फिरायचा. घरी बायको लतीफा आणि तिच्या सात कोंबड्या. एका पंगतीनंतर उष्ट्या पत्रावळींवर कोंबड्या गेल्या. संध्याकाळच्या आत सातही माना टाकून पडल्या.

लतीफा तरातरा भागिरथाच्या दारात आली. "भागिरथा, तुह्या रानानं माह्या कोंबड्या खाल्ल्या वं."

"रानानं नाही खाल्ल्या. रानाच्या पोटात जे घातलं हाय, त्यानं खाल्ल्या."

"मंग मानसं कशी जेवून राह्यली?"

"कोंबडी लहान असते, तिले लवकर समजते," भागिरथा म्हणाली. "मानूस मोठा हाय ना."

दोघी उंबऱ्यात बसल्या. मग भागिरथा हळूच म्हणाली, "लतीफा, ते रान मेलं नाही. मी हात लावून पाह्यला. एखादी बाई बाळंतपणात नासते तसं नासलं हाय. पोटातलं वंगाळ काढून टाकाचं, शेक द्याचा, गोडधोड घालाचं, अन् निजू द्याचं. सुधरते. पन निजू देत नाहीत ना हे लोक! मी खोदून ठेवलं का दुसऱ्या दिवशी सपाट करतात, पानी मारतात, पत्रावळी मांडतात. बाळंतिणीच्या उरावर बसून कोनी जेवते काय?"

असंच वर्ष गेलं. मग दुष्काळाचा उन्हाळा आला. गावचा तलाव आटला आणि सरकारने त्याच्यातला गाळ काढायचं काम लावलं. कामावर तांड्यावरची कमलीबाई होती, दिवस भरलेली. दुपारी टोपलं डोक्यावर असतानाच तिला कळा आल्या. तलावाच्या काठी निंबाखाली लुगड्यांचा आडोसा झाला आणि भागिरथाच्या हातात एक काळीसावळी पोरगी आली. टपोरी, ओरडणारी, दुष्काळाशी काही घेणं-देणं नसलेली.

आता वार कुठे पुरायची? रीत अशी की बाळामागून पडलेली वार मातीत खोल पुरायची, कुत्र्या-कोल्ह्याला लागू द्यायची नाही. तलावाच्या काठी सगळा खडक. तांडा दोन कोस दूर. भागिरथाने ती मडक्यात घेतली आणि आपल्या रानात जाऊन खड्डा खणला. वरचा थर पांढरट, उग्र वासाचा, नाकात झोंबणारा. मांडीएवढं गेल्यावर वास कमी झाला. कमरेएवढं गेल्यावर काळी माती लागली. तिने मूठभर उचलून हुंगली. मातीला मातीचा वास होता. दोन वर्षांत पहिल्यांदा. आजारी लेकराने डोळे उघडून ओळखीचं पाहावं, तसा तो वास होता. ती खड्ड्यातच खाली बसली आणि थोडा वेळ रडली. मग वार पुरली, तलावातला गाळ टोपल्याने आणून खड्डा भरला, आणि खणून काढलेली पांढरी माती एका कडेला वेगळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी सरपंचांच्या पुतण्याच्या लग्नाची पंगत होती. मंडप उभा, चुली पेटलेल्या. कोणीतरी खड्ड्याची ओली माती पाहिली, कोणीतरी विचारलं, आणि भागिरथाने खरं ते सांगितलं.

"सोयर!" कोणीतरी ओरडलं.

बाळंतपणाचा विटाळ! बारा दिवस त्या जागी अन्न शिजत नाही, पाऊल पडत नाही. जणू जमिनीतून नाग निघाला, अशी माणसं उठली. कढया उचलल्या, पत्रावळी उचलल्या, नवरदेवाला उचललं. वऱ्हाड मारुतीच्या पारावर गेलं, आणि तिथल्या माशांनी दोन वर्षांचा उपास सोडला.

भागिरथा बांधावर बसून हे पाहत होती. ज्या मातीने कोंबड्या मारल्या, त्या मातीवर ही माणसं पोटभर जेवली. ओठ बधिर झाले, तरी जेवली. आणि एका लेकराच्या जन्माची बातमी कळली तशी पळाली. विष चाललं, विटाळ चालला नाही.

विटाळ तिच्या घराने छप्पन साली नागपुरात टाकून दिला होता. बाप तिचा पायी गेला होता, आणि परत आल्यावर म्हणाला होता, "पोरी, आता पाठ हलकी झाली." त्यांनी टाकलेलं ते ओझं या लोकांनी आपल्या घरात किती जपून ठेवलंय, हे भागिरथाला आज कळलं. तिला हसूच आलं. जपून ठेवलंच आहे, तर चार दिवस कामाला का लावू नये?

"पन बारा दिवसांनी फिटन ना सोयर?" लतीफाने विचारलं.

"बारा दिवसांत दुसरी कोनी मोकळी होईनच."

दोघींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. गावात चार जणी पोटुश्या. बौद्धवाड्यात दोन. तांड्यावर तीन. मेडशीच्या अलीकडच्या वस्तीवर एक, ती जुळ्यांची दिसते.

"जुळे झाले तं चोवीस दिवस पकडाचे काय?" लतीफाने विचारलं.

"पकडू. त्याइले काय समजते?"

त्या दिवसापासून भागिरथाने एकच अट घातली. बाळंतपण करीन, रात्र असो, पाऊस असो. पण वार पुरायची ती माझ्याच रानात. मान्य नसेल तर दुसरी सुईण पाहा. दुसरी सुईण मालेगावपर्यंत नव्हती. शिवाय घराच्या मागे खणण्यापेक्षा हे लोकांना बरंच वाटलं. विटाळ गावाबाहेर गेलेला कोणाला नको असतो?

एक लेकरू जन्मलं की रानाला बारा दिवसांची शांतता मिळायची. त्या बारा दिवसांत बौद्धवाड्यातल्या बाया यायच्या, लतीफा यायची. पांढरा थर खरवडून टोपल्यांनी काढायचा. तो टाकायचा कुठे, हा प्रश्न होता. भागिरथाने सोसायटीच्या पडक्या गोदामाचं जोतं निवडलं. दगडी, खोल. तळाला चिकणी पिवळी माती थापली, त्यात ती विषारी माती भरली, वरून पुन्हा पिवळी माती आणि दगड, आणि भोवती घायपाताचं काटेरी कुंपण. "जिथून आलं तिथं जाऊन बस," ती त्या मातीला म्हणाली.

सैफुद्दीन गाडीने तलावातला गाळ आणायचा. बौद्धवाड्याचं शेण, लतीफाच्या शेळ्यांच्या लेंड्या, ग्यानबाने सडकेच्या कडेचा गोळा केलेला पालापाचोळा, सगळं त्या रानाच्या पोटात गेलं. पहिल्या साली अंबाडी पेरली. अंबाडीच्या भाजीसाठी जीव टाकणाऱ्या त्या मुलखात हिरवीगार भाजी रानात डोलत होती, आणि भागिरथाने एक पानसुद्धा कोणाला खाऊ दिलं नाही.

"एवढी कवळी भाजी वं," लतीफा कळवळली.

"बाळंतिणीच्या पोटातलं वंगाळ कोनी खाते काय? ह्या भाजीनं ते ओढून घेतलं हाय."

मुळासकट उपटून ती अंबाडी जोत्यात टाकली. दुसऱ्या साली हिरव्या खतासाठी बोरू पेरून फुलायच्या आत नांगरून गाडला. गाव लांबून पाहत होतं. पंगती मारुतीच्या पारावर चालल्या होत्या. माशा होत्या, पण आता कोणाला गरगरत नव्हतं. उकंडरावाच्या हाताला पूर्वीची चव राहिली नाही, असं लोक बोलू लागले. त्याने फार मनाला लावून घेतलं. तिखट वाढवून पाहिलं, तेल वाढवून पाहिलं, कोणी ओकेना.

त्याच पावसाळ्यानंतर एका सकाळी भागिरथा पहिल्या खड्ड्यापाशी निंदत होती. मातीत एक बारीक भोक होतं, त्याच्या तोंडाशी रव्यासारखी दाणेदार माती. भोकातून एक काळी मुंगी बाहेर आली. थांबली. मिशा हलवल्या, जणू घराचा नंबर पाहतेय. मग आत गेली आणि आणखी चौघींना घेऊन आली. भागिरथाने विळा खाली ठेवला. शेजारच्या बायांना ऐकू गेलं ते तिचं गाणं. जात्यावरची जुनी चाल, पण शब्द त्याच घडीचे:

मुंगी आली गं पाहुणी, माह्या मातीच्या घराले
पाट मांडा, पानी ठेवा, सांगा शिवंच्या वाऱ्याले

मुंगी चढली बांधाले, तिच्या पायात गं जोडवं
माह्या नासल्या कुशीले, तिनं म्हनलं गं गोडवं

गाणं ऐकून लतीफा धावत आली, आणि म्हाताऱ्या होईपर्यंत बसायचं ठरवल्यासारख्या दोघी त्या भोकाशी बसल्या. लतीफाने घरून चिमूटभर साखर आणली. पाहुणीला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?

तिसरं साल आलं. रानात मूग उभा होता. सगळीकडे नव्हता, रानाचा खालचा कोपरा अजून पांढरा, मुका होता. पण वरच्या अंगाला मूग गुडघ्याला लागत होता. अटीची मुदत भाद्रपदात संपत होती. माणिकरावांनी तालुक्याच्या साहेबांना पाहणीला बोलावलं. ओट्याचा नकाशा त्यांनी काढून ठेवला होता.

साहेब जीपने आले. जीपच्या मागे पावडरीची सहा पोती होती, कारण साहेबांचाही एक आकडा होता आणि तो अजून भरला नव्हता. सारा गाव बांधाबाहेर जमला. रानात कोणी पाय टाकला नाही. पाच दिवसांपूर्वीच सैफुद्दीनच्या घरी वर्षापूर्वी आलेल्या सुनेला, सिताराला, मुलगा झाला होता आणि वार तिथे पुरली होती.

"साहेब, इथं पीक नाही," माणिकराव म्हणाले. "नुसते खड्डे हायत. सरकारजमा लिहा."

साहेब बांधावर वाकले. मुगाचं एक पान त्यांनी हाताने वळवलं. पानाला भोक होतं, आणि भोकाशेजारी एक हिरवी अळी निवांत जेवत होती. साहेबांचा चेहरा उजळला.

"कीड आहे!"

"हाय ना साहेब," भागिरथा म्हणाली. "मायंदाळ हाय. ते तिकडं टोळबी हायत."

"साहेब, पीकच नाही तं कीड कशाची?" माणिकराव घाबरले.

"मग ही अळी काय खातेय? हवा?" साहेब कागद काढत म्हणाले. "कीड लिहायची तर वर पिकाचा रकाना भरावाच लागतो. पीक: मूग. स्थिती: उभे." आणि त्यांनी लिहिलं.

भागिरथाने पदर तोंडाला लावला. तीन वर्षं ज्यासाठी खणलं, ते एका अळीने दोन ओळींत मिळवून दिलं होतं.

पण माणिकराव काही उगीच सरपंच झाले नव्हते. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"बराबर हाय साहेब. कीड हाय तं मारलीच पाह्यजे. आत्ताच मारा. सहाच्या सहा पोती एकाच रानात. गरिबाचं पीक हाय, कमी नाही पडली पाह्यजे."

भागिरथाने जीपमधल्या पोत्यांकडे पाहिलं. कागदावर रान तिचं झालं होतं, आणि घटकाभरात ते पुन्हा मुकं होणार होतं. सहा पोती. मुंगीचं घर, टोळ, तो मातीचा वास.

"साहेब, सोयर हाय," ती म्हणाली. "आत कोनी येनार नाही. बारा दिवस."

"सोयर!" माणिकराव मोठ्याने हसले. "साहेब, ह्या जुन्या गोष्टी. आपून पुढं गेलं पाह्यजे. अन् भागिरथाबाई, तुमी तं छप्पन सालापासून विटाळ मानत नाही ना? मंग आजच कुठून आला?"

गाव हसलं. भागिरथाने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती बांध उतरली, मुगातून चालत गेली आणि सिताराच्या बाळाचा खड्डा होता त्याच्या शेजारी मांडी घालून बसली.

"मी नाही मानत पाटील. पाहा, बसली ना मी? तुमीबी नसान मानत तं या. स्वतःच्या हातानं पावडर टाका. मी अडवत नाही. आज कवठदरीतला विटाळ फिटला, असं मी सऱ्या गावाले सांगतो. अन् इथून उठलो का माह्या घरी चला, पानी प्याले. मडकं भरून ठेवलं हाय."

हसू थांबलं. सगळ्यांच्या माना सरपंचांकडे वळल्या. माणिकरावांनी एक पाय उचलला. तो बांधाच्या आणि रानाच्या मधे, हवेत राहिला. रानात ठेवला, तर पावडर पडणार होती, ओटा होणार होता, दगडावर नाव कोरलं जाणार होतं. पण आधी पाणी प्यावं लागणार होतं. एवढी माणसं बघत होती. पाटलाचा पाय इतका वेळ हवेत राहिलेला गावाने कधी पाहिला नव्हता.

"माणिक!" मागून त्यांच्या आईचा, वच्छलामायचा, आवाज आला. "पाय मांगं घे! घरात सून भरल्या दिवसाची हाय. सोयरातून येऊन उंबरा वलांडतं काय रे?"

पाय मागे आला.

साहेबांनी पोती उचलायला माणसं बोलावली; कोणी हललं नाही. ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, मी गाडी चालवतो. माझ्या घरी आई सोवळ्यातली आहे." साहेबांनी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि विचारलं, "हे किती दिवस असतं?"

"बारा," भागिरथा म्हणाली. "पन तवरी दुसरी मोकळी होते साहेब. गाव मोठं हाय."

साहेबांनी बांधावरच, मांडीवर फाईल ठेवून, शेवटची ओळ लिहिली: 'पीक उभे आहे. कीड उभी आहे. स्थानिक कारणामुळे धुरळणी तूर्त स्थगित.' पोती सरकारी गोदामात परत जाणार होती, आणि सोयर फिटल्याचं भागिरथाने तात्काळ कळवायचं होतं.

"कळवतो ना साहेब," ती म्हणाली. "ज्या दिवशी फिटन, त्याच दिवशी."

पंच म्हणून सही हवी होती. माणिकराव पेन हातात घेऊन उभे राहिले.

"कर ना सही," वच्छलामाय म्हणाली. "कीड हाय ते मले इथूनबी दिसून राह्यलं, अन् माह्या डोयात फूल पडलं हाय."

सही झाली. जीप गेली. गावही पांगलं. म्हातारी मात्र बांधावर काठी टेकून उभीच राहिली.

"भागिरथा, आमच्या घरचा खड्डा कोनत्या अंगाले खनशीन वं?"

"तुमाले कोनत्या अंगाले पाह्यजे माय?"

"वरच्या अंगाले. मूग हाय तिथं. तिथं माती बेस दिसते."

"तिथं बेस हाय म्हनूनच तिथं नाही. खालच्या कोपऱ्यात खनाचा. जिथं पांढरी हाय."

"पाटलाचा नातू नासल्या जागी?"

"सिताराचा तिथंच हाय. समद्याइचे नासल्याच जागी होते माय. मंग तिथं मूग झाला."

वच्छलामायने खालच्या पांढऱ्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिच्या घरात आजवर कोणाहून लहान काही झालं नव्हतं. ना वाडा, ना बैल, ना लग्नाचा मांडव.

"मंग मोठा खन," ती म्हणाली. "सगळ्याइच्या खड्ड्याहून मोठा. लोकाइले समजलं पाह्यजे."

"किती मोठा?"

"तूच पाह्य बापा. आमाले कमीपना नको."

भागिरथाने कुदळ उचलली, खालच्या कोपऱ्यात गेली आणि पावलांनी जागा मोजायला लागली. म्हातारी बांधावरून बघत होती, म्हणून तिने प्रत्येक बाजूला चार पावलं जास्तीची घेतली.